यादी लावण्याआधी क्रम ठरवा

महागाव, मळवली, माऊ, मुंढावरे, मोरवे. मावळातली ही पाच गावे अकारविल्हे लावली आहेत. शाळेत वर्णमाला घोकलेल्या कुणालाही हा क्रम खटकणार नाही, कारण ‘ह’ झाला की ‘ळ’ येतो. म्हणून महागाव आधी, मळवली नंतर. आता हीच नावे संगणकावरच्या एखाद्या साध्या एडिटरमध्ये एकाखाली एक लिहा आणि क्रम लावायची आज्ञा द्या. मळवली पहिली येईल, महागाव दुसरे. यंत्र बिघडलेले नाही आणि तुमच्या टायपिंगमध्येही खोट नाही. यंत्राने त्याच्याकडचा क्रम लावला. तो आपला नव्हता, एवढेच.

बेडसे, करुंज, येळसे, कडधे या आपल्या पवन मावळातल्या गावांत आणि पलीकडे कामशेत-लोणावळ्याकडे ज्यांच्या हातात कसलीही यादी असते, त्या सगळ्यांसाठी हे लिहितो आहे. बचत गटाचा हिशेब ठेवणाऱ्या ताई, शाळेचे गुरुजी, जत्रेची वर्गणी लिहून घेणारी पोरे, दिंडीतल्या माणसांची नावे जमवणारे चोपदार, इंद्रायणी भाताचे बियाणे वाटणारे गटप्रमुख. या याद्या आता वहीतून संगणकावर आल्या. वहीत नाव शोधायला बोट फिरवावे लागे. पन्नास नावांत ते जमते, पाचशे नावांत जमत नाही. म्हणून यादी अकारविल्हे लावा, असे माझे सांगणे आहे. पण बटण दाबण्याआधी क्रम कोणता, हे आपण ठरवा. ते यंत्रावर सोडू नका.

यंत्र काय करते ते आधी पाहू. संगणकात प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो. युनिकोड या जागतिक तक्त्यात देवनागरीला एक सलग पट्टा दिलेला आहे आणि मराठी, हिंदी, संस्कृत, नेपाळी, कोकणी या सगळ्या भाषा तोच पट्टा वापरतात. त्याची मांडणी भारतातच ठरलेल्या ‘इस्की’ या १९८८ च्या मानकावरून आली. सगळ्या भारतीय लिप्यांना एकच साचा असावा, म्हणून त्या मांडणीत ‘ळ’ हा ‘ल’च्या शेजारी बसवला गेला. त्यामुळे ‘ळ’चा क्रमांक ०९३३, ‘व’चा ०९३५ आणि ‘ह’चा ०९३९. साधा एडिटर फक्त हे आकडे बघतो. त्याला मळवली स्टेशनही ठाऊक नाही आणि आपली बाराखडीही.

तरीही या आकड्यांनी बरेच काही नीट होते, हे कबूल करायला हवे. जोडाक्षर घडवणारे हलन्ताचे चिन्ह सगळ्या काना-मात्रांच्या नंतर ठेवलेले आहे. त्यामुळे आधी ‘क’, मग ‘का’, ‘कि’ करत ‘कौ’, आणि त्यानंतर ‘क्र’, ‘क्ल’ असा कोशातला क्रम आपोआप मिळतो. ब्राह्मणोली हे गाव ‘ब’च्या अगदी शेवटी जाते, आणि शब्दकोश उघडून पाहणारा माणूसही ते तिथेच शोधेल.

अनुस्वाराचे मात्र ठरवावे लागते. त्याचा क्रमांक ०९०२, म्हणजे सगळ्या स्वर-व्यंजनांच्या आधी. म्हणून खंडाळा आधी येतो आणि खडकाळे नंतर. कुणी संस्कृतच्या शिस्तीने म्हणेल की खंडाळ्यातला अनुस्वार हा खरे तर ‘ण्’ आहे, तेव्हा ‘ड’चे खडकाळे आधी आणि ‘ण’चा खंडाळा नंतर हवा. म्हणणे चुकीचे नाही. पण गावाच्या यादीत नाव शोधणारा माणूस उच्चाराची चिकित्सा करत बसत नाही. टिंब दिसले की तो वर बघतो. तेव्हा अनुस्वार आधी हा यंत्राचा क्रम इथे तसाच राहू द्यावा. एक पथ्य मात्र पाळा: एकाने ‘शिंदे’ आणि दुसऱ्याने ‘शिन्दे’ लिहिले, तर एकाच घरातली दोन माणसे यादीत लांब लांब जाऊन पडतील. सगळीकडे अनुस्वारच द्या.

लेखनातला असा फरक क्रमावर किती परिणाम करतो, हे बेडशाच्या आसपासच दाखवता येते. कामशेतजवळच्या एका गावाचे नाव कुणी ‘बऊर’ लिहितो, कुणी ‘बौर’. पहिल्यात ‘ब’नंतर सुटा स्वर आहे आणि सुटे स्वर व्यंजनांच्याही आधी लागतात, म्हणून बऊर ‘ब’च्या डोक्यावर चढते. दुसऱ्यात मात्रा आहे, म्हणून बौर खाली उतरते. बेडसे या दोघांच्या मध्ये. दोन्ही प्रकारे लिहिलेली यादी कुणी चाळली तर त्याला वाटेल, ही दोन वेगळी गावे आहेत. यादी लावायला घेण्याआधी अशा नावांचे एकच लेखन ठरवा आणि एकदा शोधून बदलून घ्या. कुठले लेखन शुद्ध, यावर भांडण नको. सात-बाऱ्यावर जे असेल ते घ्या आणि पुढे चला.

आता सगळ्यात जास्त त्रास देणारे अक्षर: ‘ॲ’. ॲम्ब्युलन्स, ॲडव्होकेट, ॲल्युमिनियम. हे अक्षर युनिकोडच्या तक्त्यात स्वतंत्रपणे आले ते २००८ मध्ये. तोपर्यंत स्वरांच्या रांगेत मोकळी जागा उरली नव्हती, म्हणून ते पार मागे, ०९७२ या क्रमांकावर बसले. देवनागरी अंकांच्याही नंतर. परिणाम असा की गावाच्या महत्त्वाच्या फोन नंबरांची यादी क्रमाने लावली तर ‘ॲम्ब्युलन्स’ सगळ्यात शेवटच्या ओळीवर जाते. रात्री अपरात्री घाईने यादी उघडणारा माणूस ती ‘अ’खाली शोधणार. त्यात भर म्हणजे हे अक्षर लोक निरनिराळ्या पद्धतींनी टाइप करतात. कुणी एकसंध ‘ॲ’ वापरतो, कुणी ‘अ’वर वेगळा चंद्र देतो, कुणी मध्ये न दिसणारे जोडचिन्ह घालतो. पडद्यावर सगळे सारखे दिसते, पण यंत्राच्या लेखी ते वेगवेगळे शब्द. ‘ऱ्ह’ आणि ‘ऱ्य’ यांचेही तसेच: कऱ्हाड आणि वारकऱ्यांची हे शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतात आणि दोन जागी पडतात.

महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीची वर्णमाला ठरवून दिली. त्यात ‘ॲ’ आणि ‘ऑ’ यांना स्वरांमध्ये जागा मिळाली, आणि ‘क्ष’, ‘ज्ञ’ ही विशेष संयुक्त व्यंजने म्हणून शेवटी राहिली. वर्णमालेच्या तक्त्यात ‘ॲ’ कुठेही असो, गावच्या यादीत मी तो ‘अ’च्या घरातच ठेवीन, ‘अ’ची बाकी नावे संपल्यावर आणि ‘आ’ सुरू होण्याआधी. शोधणारा जिथे बघतो तिथे नाव असावे. यादीचे काम तेवढेच आहे.

‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ची गोष्ट जरा गुंतागुंतीची आहे. यंत्राच्या लेखी ‘क्ष’ म्हणजे ‘क’, हलन्त आणि ‘ष’. त्यामुळे क्षीरसागर हे आडनाव ‘क’च्या शेवटी, ‘ख’च्या आधी येते. पुण्याच्या वामन शिवराम आपट्यांचा १८९० चा संस्कृत-इंग्रजी कोशही ‘क्ष’ला ‘क’मध्येच ठेवतो, तेव्हा ही काही संगणकाची लहर नाही, जुनी शास्त्रीय पद्धत आहे. पण मराठी शाळेत शिकलेले मूल ‘क्ष’ शेवटी शोधते. मग ‘क्ष’ला सरसकट ‘ह’ आणि ‘ळ’च्या मागे ढकलावे, तर लक्ष्मण हा ललिता आणि लहू यांच्याही नंतर जातो, आणि तिथे त्याला कुणी शोधत नाही. माझा तोडगा असा: शब्दाची सुरुवात ‘क्ष’ किंवा ‘ज्ञ’ने असेल तर ती नावे यादीच्या शेवटी न्यावीत, अक्षर शब्दाच्या पोटात असेल तर यंत्राला हवे ते करू द्यावे. कोशकार याला अर्धवट म्हणतील. कोशाला एकच नियम लागतो हे खरे, पण आपण कोश करत नाही. पटावरच्या पोरांची आणि वर्गणीदारांची नावे लावतो आहोत.

इथवर अक्षरांचे झाले. त्याहून मोठा प्रश्न हा की ओळीतला कोणता शब्द धरून क्रम लावायचा.

बेडसे लेण्यांच्या चैत्यगृहात वर गेलात तर ओसरीत ब्राह्मी लिपीतला एक छोटा लेख आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. नाशिकच्या आनंद नावाच्या शेठचा मुलगा पुष्यणक याने दिलेल्या दानाची ती नोंद आहे. आजच्या भाषेत सांगायचे तर ती वर्गणीची पावती. लेखात आधी गाव येते, मग बापाचे नाव आणि हुद्दा, आणि मग दात्याचे स्वतःचे नाव. अशा शंभर पावत्या ओळीच्या पहिल्या शब्दावरून लावल्या, तर त्या गावाप्रमाणे लागतील. पुष्यणकाला ‘प’खाली शोधणाऱ्याला तो सापडणार नाही. आपल्याकडेही हेच घडते. शाळेत आडनाव आधी, लग्नपत्रिकेत नाव आधी, आणि १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी नोंदीत आधी स्वतःचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव. या तिन्ही पद्धतींच्या ओळी एका यादीत मिसळल्या तर क्रम लावून काही हाती लागणार नाही. एक पद्धत निवडा.

त्यातच उपाध्या असतात. श्री., सौ., डॉ., ॲड., आणि आपल्याकडे हटकून ह.भ.प. यादी लावली की सगळे ह.भ.प. एका ठिकाणी गोळा होतात, सगळ्या सौ. दुसऱ्या ठिकाणी. मान ठेवायचा तर जरूर ठेवा, पण उपाधी ओळीच्या शेवटी, स्वल्पविरामानंतर लिहा. छापताना पुढे आणता येते.

साधन कोणते, असे विचाराल तर याद्यांच्या कामाला मी कोष्टकापेक्षा साधा मजकूर-एडिटर बरा म्हणेन. कोष्टकात नावांचा एकच रकाना निवडून क्रम लावला आणि मध्ये आलेल्या सूचनेला घाईत चुकीचे उत्तर दिले, तर नावे हलतात आणि शेजारचे आकडे जागच्या जागी राहतात. मग एकाची वर्गणी दुसऱ्याच्या नावावर. एडिटरमध्ये एक ओळ म्हणजे एक माणूस. ओळ हलली तर अख्खी हलते.

असे एडिटर फुकट मिळतात. नोटपॅड प्लस प्लस आहे, विम आहे, आणि मला सगळ्यात सोयीचा वाटतो तो ईमॅक्स. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८५ मध्ये लोकांसाठी खुला केलेला हा एडिटर दिसायला ओबडधोबड आहे, पण त्याला आपल्या पद्धतीने वळवता येते. सगळा मजकूर निवडून ऑल्ट आणि एक्स एकत्र दाबा आणि इंग्रजीत ‘सॉर्ट-लाइन्स’ ही आज्ञा लिहा (मध्ये आडवी रेघ), की ओळी लागतात. ‘सॉर्ट-फील्ड्स’ ही आज्ञा ओळीतला कितवा शब्द धरायचा ते विचारात घेते, आणि तिला वजा एक दिले तर ती उजवीकडून पहिला शब्द, म्हणजे आडनाव धरते. शेवटी आडनाव लिहायच्या नव्या पद्धतीला ही फार उपयोगी. फक्त ओळीच्या शेवटच्या उपाध्या तेव्हा स्वल्पविरामासकट काढून टाकलेल्या हव्यात आणि दोन शब्दांची आडनावे जोडरेघेने बांधलेली हवीत. विममध्ये ‘सॉर्ट’ला ‘यू’ जोडले की अगदी सारख्या असलेल्या ओळींपैकी एकच उरते.

मराठी क्रम मिळवायची एक सोपी युक्ती सांगतो. ती कुठल्याही एडिटरमध्ये चालते. क्रम लावण्याआधी ‘शोधा आणि बदला’ वापरून सगळ्या ‘ळ’च्या जागी ‘ह’ आणि एक दंड, म्हणजे ‘ह।’ टाका. दंडाचा क्रमांक सगळ्या काना-मात्रांच्या आणि हलन्ताच्या पुढचा आहे, त्यामुळे अशी नावे ‘ह’च्या सगळ्या नावांनंतर जाऊन बसतात. ओळीच्या सुरुवातीला असलेल्या ‘क्ष’च्या जागी ‘ह’ आणि दुहेरी दंड टाका. ‘ज्ञ’च्या जागी ‘ह’ आणि दोन वेळा दुहेरी दंड. ‘ॲ’च्या सगळ्या रूपांच्या जागी ‘अ’ आणि वेगळा चंद्र. मग क्रम लावा. शेवटी सगळे उलट बदलून घ्या, आणि उलटताना ‘ज्ञ’ आधी, ‘क्ष’ नंतर, नाहीतर दुहेरी दंड एकमेकांत अडकतात. नावांच्या यादीत एरवी दंड नसतोच, म्हणून दुसरे काही बिघडत नाही. ईमॅक्समध्ये एफ-३ दाबून ही सगळी कृती एकदा करून दाखवा आणि एफ-४ दाबून थांबा. त्यानंतर एफ-४ दाबले की तो ती जशीच्या तशी पुन्हा करतो. या कृतीला नाव देऊन ती कायमची साठवताही येते.

लिब्रेऑफिस आणि वर्डमध्ये क्रम लावण्याच्या पर्यायांत भाषा निवडायची सोय आहे. ईमॅक्समध्येही २०१६ च्या पंचविसाव्या आवृत्तीपासून भाषेच्या नियमाने तुलना करता येते, पण ते नियम तो तुमच्या संगणकाकडून घेतो, आणि प्रत्येक संगणकावर मराठीचे नियम सारखे असतीलच असे नाही. म्हणून विश्वास ठेवण्याआधी चाचणी घ्या. महागाव, मळवली, ॲम्ब्युलन्स, आंबी, क्षीरसागर, हरी: एवढी सहा नावे पुरेत. महागाव मळवलीच्या आधी आले, ॲम्ब्युलन्स आंबीच्या आधी आली आणि क्षीरसागर हरीच्या नंतर गेला, तर पुढे जा.

जुन्या फाइलींबद्दल एक इशारा. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा जुन्या फाँटात टाइप केलेला मजकूर दिसतो मराठी, पण आत असतात रोमन अक्षरे आणि खुणा. त्यात ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप होते, म्हणून किरण, गिरिजा आणि शिवाजी हे तिघे एका रांगेत वेलांटीखाली जमतात. अशी यादी आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. तोवर क्रमाच्या वाटेला जाऊ नका.

आकडे १० आणि २ असे असतील तर अक्षरांच्या हिशेबाने १० आधी येतो, कारण यंत्र पहिला अंक बघते. आकड्यांसाठी वेगळी आज्ञा असते, पण ईमॅक्सच्या त्या आज्ञेला देवनागरी अंक कळत नाहीत. कामाच्या फाइलीत इंग्रजी अंक ठेवा, छापताना देवनागरी करा.

आणि काही याद्या मुळीच लावू नका. दिंडीत पुढे कोण आणि मागे कोण, हे परंपरेने ठरलेले असते. पाण्याची पाळी नंबराने चालते. मतदार यादी घरांच्या क्रमाने असते, आणि तशीच असली की एका घरातली माणसे एकत्र राहतात. वर्गणीची पावतीवही पावती क्रमांकाने. तिची अकारविल्हे प्रत वेगळी काढा, मूळ वहीला हात लावू नका. ज्या याद्यांचा क्रमच मुळात माहिती असतो, त्या लावताना ती माहिती पुसली जाते. म्हणून कोणतीही यादी लावण्याआधी प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला तिचा मूळ क्रमांक टाकून एक प्रत बाजूला ठेवा. ईमॅक्समध्ये हे क्रमांक एका आज्ञेत पडतात.

यादी लागली की ती एकदा वरून खाली वाचा. सारखी नावे शेजारी आलेली असतात, तेव्हा दोनदा लिहिलेला माणूस लगेच दिसतो. पण शेजारची दोन सारखी नावे एकाच माणसाची आहेत असे धरून चालू नका. मावळात एका आडनावाची आणि एका नावाची दोन माणसे एकाच आळीत असतात. ओळ खोडण्याआधी त्यांना फोन करा. मग यादीच्या वर एक ओळ लिहा: आडनावाप्रमाणे, अनुस्वार आधी, ‘ळ’ ‘ह’नंतर, सुरुवातीचे ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ शेवटी. तुमच्यानंतर ही यादी ज्याच्याकडे जाईल, त्याला नवे नाव कुठे घालायचे हे त्या ओळीवरून कळेल.